बत्तीची कच्ची वही

माणूस समोर आला की काका आधी त्याच्या चष्म्याकडे बघत, माणसाकडे नंतर. काच मळकी दिसली की चालू बोलणं तोडून हात पुढे करायचे, "आण हकडे." समोरचा गोंधळून चष्मा काढेपर्यंत यांच्या खिशातून जुन्या धोतराचा तुकडा बाहेर आलेला असायचा. मग कडेकडून मधे, गोल गोल, सावकाश पुसणं. फुंकर मारलेली चालत नसे. तोंडाच्या वाफेने काच आंधळी होते म्हणत. एकदा आमच्या मोठ्या साहेबांचा चष्मा त्यांनी असाच चालू मीटिंगमध्ये काढून घेतला, आणि साहेब पाच मिनिटं डोळे बारीक करून कॅलेंडरशी बोलत राहिले. आम्ही पोट धरधरून हसलो.

ऐंशीनंतरची ती पहिली काही वर्षं. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत प्रेशर गेज बनवणारा एक लहानसा कारखाना होता, तिथे मी टायपिस्ट म्हणून लागले होते. प्रेशर गेज म्हणजे घड्याळासारखी गोल तबकडी, वर काच, आत काटा, बॉयलरवर लावतात. ते तपासणी खात्यात होते. तयार झालेला प्रत्येक गेज त्यांच्या हातून जायचा आणि शंभरातले पंधरा तरी ते परत पाठवायचे, काटा बरोबर असला तरी. कारण एकच, काच पुसलेली नाही. कामगार वैतागायचे. "काका, काच काय, गिऱ्हाईक पुसून घेईल ना!" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "गिऱ्हाईक बुडल्यार पुसतला काय?"

बॉयलरवर कोण बुडणार, हे त्यांना कुणी विचारलं नाही. सगळे त्यांना 'बत्तीवाले' म्हणत. मी काका म्हणायची. पन्नाशी उलटलेली, लग्न केलेलं नाही, मालाडला चाळीत म्हातारी आई आणि हे. संध्याकाळी सूर्य मावळायच्या सुमाराला हातातलं काम ठेवून ते खिडकीशी जात. बाहेर दिसायचं काय, तर समोरच्या कारखान्याची पत्र्याची शेड आणि साकीनाक्याकडे जाणाऱ्या ट्रकची रांग. घड्याळात बघायचे आणि स्वतःशीच म्हणायचे, "लागली." मग डबा उचलून घरी. रोज मावळतीची वेळ मिनिटा-दोन मिनिटांनी सरकते, तसे हेही सरकायचे. थंडीच्या दिवसांत पाळी सुटायच्या आधीच खिडकीशी उभे राहिले म्हणून एकदा त्यांना मेमो मिळाला. तो मीच टाइप केला होता. त्यांनी तो वाचला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "टायपिंग चांगला हा तुझा. मराठी येता काय?"

मराठी यायचं. सरकारी खात्यांना मराठीतून पत्रं पाठवावी लागत म्हणून ऑफिसात एक मराठी मशीन होतं, जड आणि हट्टी. त्याच्यावर बसणारी मी एकटीच. तिथून आमची ओळख वाढली आणि तिथूनच ती बत्ती माझ्या मागे लागली.

आम्ही मूळचे मराठवाड्यातले, मग घाटकोपरला डोंगरावरच्या वस्तीत. माझा समुद्र म्हणजे सहा डिसेंबरला दादरला जातो तेव्हाचा, तोही गर्दीच्या पलीकडे, डोक्यांच्या वर दिसेल तेवढा. बत्ती म्हणजे आमच्याकडे गॅसबत्ती, लग्नात डोक्यावर घेतात ती. त्यामुळे पहिल्या दिवशी काका म्हणाले, "आमची किल्ल्यात बत्ती होती, चार पिढ्या," तेव्हा मला वाटलं किल्ल्यात लग्नं लागत असतील. हे मी त्यांना बोलूनही दाखवलं. ते हसले नाहीत. जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी स्टूल ओढून बसले आणि समजावून सांगायला लागले. पुढचं दीड वर्ष ते स्टूल तिथून हललं नाही.

ते बत्तीचा इतिहास लिहीत होते. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण गाव अजून आहे. खाडीच्या तोंडावर जुना किल्ला, तीन बाजूंनी पाणी. पूर्वी म्हणे बुरुजावर लोखंडी टोपली असायची, तिच्यात नारळाच्या करवंट्या आणि तेलात भिजवलेल्या चिंध्या जाळायच्या, म्हणजे गलबतांना खाडीचं तोंड कळायचं. मग इंग्रज आला. त्याने किल्ल्याचेच पडके चिरे वापरून किल्ल्याच्या आत मनोरा बांधला आणि वर काचघर बसवलं. मोठं भिंग आगबोटीतून पेंढ्यात गुंडाळून आलं. ते बंदरावरून किल्ल्यात चढवायला गावातली सोळा माणसं लागली आणि त्यांतला एक यांचा खापरपणजा. भिंग वर पोचलं तेव्हा साहेबाने विचारलं, इथे राहून हे कोण पुसणार? बाकीचे पंधरा घाबरले. किल्ल्यात भुतं आहेत असा गावचा समज. खापरपणजा म्हणाला, मी पुसतो. तिथून ही घराण्याची नोकरी.

हे सगळं ते सांगताना मालवणीत सांगायचे आणि लिहून आणायचे ते मात्र कोर्टातल्या भाषेत. 'सदरहू दीपगृह हे उपरोल्लेखित दुर्गाच्या वायव्य अंगास स्थित असून.' मी म्हणायची, "काका, एवढं 'सदरहू' नका घालू, मशीन तुटेल." एकदा मी त्यांच्या 'बत्ती'च्या जागी सगळीकडे 'दीपगृह' टाइप केलं, सारखं असावं म्हणून. ते पान त्यांनी जागच्या जागी चार तुकडे करून फाडलं. "दीपगृह सरकारचा. बत्ती आमची. काय्येक कळना नाय तुका." मी चिडले. दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ते शेंगदाण्याचा लाडू घेऊन आले आणि न बोलता माझा चष्मा पुसून दिला.

किल्ल्यातल्या बत्तीला एका बाजूला तांबडी काच होती, असं त्यांनी मला कागदावर काढून दाखवलं होतं. समुद्रातून येताना पांढरा उजेड दिसला तर सरळ आत यायचं. तांबडा दिसला तर समोर खडक आहे, वळायचं. एवढंच. शाळा न शिकलेल्या माणसालाही कळावं इतकं सोपं. "आणि काहीच दिसलं नाही तर?" मी विचारलं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

तेव्हा त्यांनी मला ती हकिकत पहिल्यांदा सांगितली. पुढे पंचवीस-तीस वेळा तरी सांगितली असेल. ते सात वर्षांचे होते. आगोटीच्या तोंडावर, म्हणजे पावसाळ्याआधी बोटी बंद व्हायच्या सुमाराला, मुंबईहून शेवटची बोट आली. बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसांना पडावातून बंदरात आणायचे. रात्रीची वेळ, वारा सुटलेला. पडाव खडकावर गेला. नऊ माणसं बुडाली. पडाव हाकणारा तांडेल वाचला. त्याची स्वतःची बायको बुडालेल्या नऊ जणांत होती. तांडेल म्हणाला, बत्ती नव्हती. तांबडी नाही, पांढरी नाही, काही नाही. काकांचे वडील त्या रात्री बत्तीवर एकटेच होते, जोडीदार बहिणीच्या लग्नाला गेलेला. ते म्हणाले, बत्ती होती.

दोघांतला एक खोटा. बत्ती असेल तर तांडेलाने आपल्या हाताने बायकोला खडकावर नेलं. नसेल तर बत्तीवाल्याने नऊ माणसं मारली. चौकशी झाली आणि सरकारने तांडेलाचं ऐकलं. तिसऱ्या दिवशी वडिलांना किल्ल्यातून उतरवलं. गावात यांना 'काळोखवाले' म्हणू लागले. बाजारात, देवळात, विहिरीवर. महिन्याभरात बिऱ्हाड मुंबईला आलं. वडील गिरणीत लागले आणि थोड्याच वर्षांत गेले. बत्तीबद्दल शेवटपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत.

"दिवो होतो, गो," काका म्हणायचे. "दिवो होतो. माझ्याकडे पुरावो हा."

पुरावा म्हणजे कच्ची वही. बत्तीवाल्याला रात्रभर दर तासाला नोंद करावी लागे. वेळ, ज्योत कशी, वारा कुठला, खाली सही. महिनाअखेर त्यावरून पक्की प्रत करून बंदराच्या कचेरीत पाठवायची, कच्ची वही बत्तीवर राहायची. उतरवलं त्या दिवशी वडिलांनी ती सदऱ्याखाली लपवून आणली होती. चौकशीत ती दाखवली का नाही, असं मी विचारलं. "कोणी मागली नाय," काका म्हणाले. "आणि मागली असती तरी देवची नव्हती. फाडून टाकली असती साहेबान." मला ते पटलं. तेव्हा साहेब या जातीबद्दल कुणी काहीही सांगितलं तरी मला पटायचं.

त्यांच्या गावच्या लोकांचं मुंबईत मंडळ होतं, मालाडलाच. दर वर्षी सत्यनारायण, हळदीकुंकू, आणि त्या वर्षी पहिल्यांदाच स्मरणिका निघणार होती. मंडळाचा अध्यक्ष त्याच तांडेलाचा मुलगा. गिरणीच्या संपात नोकरी गेलेला, आता घरगुती पापड-मसाले विकणारा, सगळ्यांच्या मयताला पहिला पोचणारा माणूस. त्याने काकांना सांगितलं होतं, बत्तीचा इतिहास आण, छापू. आणि पुरावा असेल तर सगळ्यांसमोर दाखव. माझा बाप चुकला असेल तर मी उभा राहून सांगेन.

काकांना एवढंच पाहिजे होतं. आई ऐंशीच्या पुढे गेली होती. ती असेपर्यंत गावाने एकदा म्हणावं, बत्ती होती. "मगे मी मोकळो," ते म्हणायचे. त्यांचं लग्न का झालं नाही हे मी कधी विचारलं नाही, पण काळोखवाल्यांच्या घरात मुलगी कोण देणार, एवढं कळायला फार अक्कल लागत नव्हती.

वही त्यांनी माझ्याकडे आणली ती श्रावणात, मेणकापडात गुंडाळून. नोंदी इतिहासाच्या शेवटी जशाच्या तशा टाइप करायच्या होत्या. मी अशी वही आयुष्यात पाहिलेली नाही. अक्षर मोत्यासारखं, एक डाग नाही, एक खाडाखोड नाही. रात्री दोनची नोंद आणि संध्याकाळी सातची नोंद, दोन्ही सारख्याच ठेक्याने लिहिलेल्या. त्या रात्रीचं पान तर त्यांना तोंडपाठ होतं. 'ज्योत उत्तम. वारा नैऋत्य. ज्योत उत्तम.' त्यापुढची पानं एकमेकांना घट्ट चिकटलेली होती. "पाणी लागलेला," ते म्हणाले. "फुडे आमची बत्तीच नाय, तर बघूचा काय."

वही माझ्या खणात राहिली. बाहेर पावसाची नुसती रिपरिप, ऑफिसच्या भिंती ओल्या, कागद हातात धरला तर मऊ पडायचा. एका दुपारी मी वही उघडून टाइप करत होते आणि चिकटलेल्या पानांची कड आपोआप सुटून वर आली. मी ओढलीसुद्धा नाही. आत शाई दिसली. मी बोटाने पान सारलं आणि ते सुटत गेलं.

पुढच्या रात्रीचीही नोंद होती. तिच्या पुढच्या रात्रीचीही, आणि तिच्याही पुढच्या. संध्याकाळी सात ते पहाटे सहा. ज्योत उत्तम, वारा नैऋत्य, खाली सही. वडिलांना किल्ल्यातून उतरवल्याच्या नंतरची तारीख, आणि तीच सही, तेच मोत्याचं अक्षर.

मी टायपिस्ट, गणित माझं कच्चं, पण हे कळायला गणित लागत नव्हतं. नोंदी आधीच भरून ठेवलेल्या होत्या. म्हणजे त्या रात्रीचीही आधीच भरलेली. म्हणजे या वहीवरून काहीच ठरत नव्हतं. आणि वडिलांनी ती साहेबाला का दाखवली नाही, तेही मला त्याच क्षणी कळलं. मी वही मिटून खणात टाकली आणि चहा प्यायला निघून गेले.

त्याच आठवड्यात काकांना ताप आला. तीन दिवस कामावर आले नाहीत, आणि चौथ्या दिवशी निरोप आला की वही घरी आणून दे, ती लांब राहिलेली त्यांना करमत नाही. शनिवारी अर्ध्या दिवसानंतर मी मालाडला गेले. बाजारातून आत, चिखलातून, दुसऱ्या मजल्यावरची खोली. काका डॉक्टरकडे गेले होते. आई दारातच तांदूळ निवडत बसली होती, वाळून काटकी झालेली, पण नजर तीक्ष्ण.

"ये गो बाय. बस." तिने माझ्या हातातलं मेणकापड पाहिलं. थोडा वेळ तांदूळ निवडत राहिली. मग खालमानेनेच म्हणाली, "पानां सुटली काय?"

मी मान हलवली.

"मीच चिकटवलंय ती. पेजेच्या निवळीन."

मग तिने सांगितलं. बत्तीवर काम म्हणजे दिवसभर तेल, काजळी, वात कापणं, काच पुसणं. नवऱ्याचे हात कधी कोरडे नसत. वहीवर तेलाचा ठसा उमटला की तपासणीला येणारा साहेब सगळ्यांदेखत वही तोंडावर फेकायचा. "म्हणान आयतवारी आंघोळ करून, हात राखेन घासून, अख्ख्या आठवड्याचा एकदम लिवन ठेवीत. सगळेच बत्तीवाले तसाच करीत. तेंचो बापूस पण."

"मग त्या रात्री बत्ती होती की नव्हती?"

"माका काय म्हायत? किल्ल्यात बायलमाणसाक रातचा रवाक देयत नसत. मी खाली घरात. आमच्या घराकडसून बत्ती दिसा नाय, मधी बुरूज."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत त्यांना?"

"इचारलंय. एकदाच."

"काय म्हणाले?"

"जेवाण वाढ, म्हणाले."

तिने चुलीवरच्या टोपातली भाताची चार शितं घेतली, बोटाने चिरडली आणि कडेकडेने लावून ती पानं माझ्यासमोर पुन्हा चिकटवली. काम चोख. "तेका सांगू नको हां, बाय. तेच्याकडे दुसरा काय नाय." मी म्हटलं, नाही सांगत. जिन्यावर पावलं वाजली. काका आले, डोक्याला मफलर बांधलेले, तापाने डोळे लाल. वही बघून तोंड उजळलं. खाटेवर बसत मला म्हणाले, "टायपिस्टाची नजर म्हणजे घारीची. खयसर काय चूक दिसली काय गो?"

आई निवडलेले तांदूळ पुन्हा निवडत होती.

"नाही काका," मी म्हटलं. "सगळं बरोबर आहे."

मला वाटलं होतं, टाइप केलेली पानं मंडळाला दिली की काम संपलं. वही कशाला कोण मागतंय? पण पुरावा दाखव म्हणून अध्यक्षाने सांगितलं होतं आणि काका शब्दाचे पक्के. सत्यनारायणाच्या दिवशी ते नवा सदरा घालून, वही छातीशी धरून हॉलमध्ये आले. मलाही बोलावलं होतं. आई पहिल्या रांगेत खुर्चीवर, तिच्या शेजारी मी. मी आदल्या दिवशी त्यांना दोनदा म्हटलं होतं, "काका, वही जुनी आहे, घरी ठेवा, खराब होईल." जास्त काही म्हणायची हिंमत झाली नाही. ते म्हणाले, "पन्नास वर्सा घरीच हा ती."

प्रसाद झाल्यावर ते उभे राहिले. त्यांनी इतिहासाचं पहिलं पान वाचलं, सगळ्या सदरहूंसकट. लोक कंटाळून ऐकत होते, पोरं हॉलभर धावत होती. मग त्यांनी त्या रात्रीचं पान उघडलं आणि नोंदी वाचल्या, एकेक तास. पोरंसुद्धा थांबली. बारा वाजता ज्योत उत्तम. एक वाजता ज्योत उत्तम. पडाव खडकावर गेला ती वेळ आली तेव्हा त्यांनी ओळीवर बोट टेकवलं आणि वाचलं. ज्योत उत्तम. मागून कुणीतरी म्हातारं चुकचुकलं. एक बाई डोळे पुसायला लागली. मला आजही वाटतं, त्या क्षणी हॉलमधल्या प्रत्येकाला बत्ती दिसत होती.

अध्यक्ष उठून पुढे आला. आपला बाप खोटा ठरतोय आणि आई बापाच्या हातून गेली, हे ऐकून घ्यायला तो उभा होता. त्याने दोन्ही हातांनी वही घेतली, पान बघितलं, मान हलवली. मग कुणीही करेल तेच त्याने केलं. पान उलटायला गेला, ते चिकटलेलं लागलं, म्हणून अंगठ्याच्या नखाने हलकेच सोडवलं. ताजी शितं ती. टिकतात कितीशी?

तो वाचत राहिला. एक पान, मग दुसरं. त्याने तारीख बोटांवर मोजली. मी खाली बघितलं. शेजारी म्हातारीने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

"बत्तीवाल्यानू," तो शेवटी म्हणाला, अगदी हळू, "ह्या तर फुडच्या रातींचा पण लिवलला हा."

काकांनी वही घेतली. डोळ्यांजवळ धरली, लांब धरली. हॉलमध्ये कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते. अध्यक्षाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि लोकांकडे वळून म्हणाला, "जेवक चला रे सगळे. पानां मांडलीहत."

सोमवारी ते कामावर आले. गेज तपासले, एकही परत पाठवला नाही. कामगार खूश. जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी त्या स्टुलावर बसले आणि हातातला कागद पुढे केला. यावेळी सदरहू नव्हतं. चार ओळी होत्या. त्या रात्री किल्ल्यातली बत्ती विझलेली होती. दोष माझ्या वडिलांचा. तांडेलाची काही चूक नव्हती. मी त्यांचा मुलगा या नात्याने हे कबूल करतो.

"काका, हे तुम्हाला कुठे माहीत आहे?" मी म्हटलं. मग माझ्याने राहवेना. मी सगळं सांगून टाकलं. तेलाचे हात, आयतवार, साहेब, राख. "वहीवरून बत्ती होती असं ठरत नाही, तसं नव्हती असंही ठरत नाही. सगळेच तसं लिहून ठेवायचे. बत्ती असेलही काका!"

"आवशीन सांगलान तुका?"

"हो."

"माका ताप होतो तेव्हा?"

मी मशीनमधला कागद उगाच सरळ केला.

"आणि मी तुका इचारलंय, चूक दिसली काय."

मी रडायला लागले. त्यांना माझा राग आला होता की नाही मला कळलं नाही, अजूनही कळलेलं नाही. मग ते म्हणाले, "होती की नव्हती, ह्या आता कोण सांगतला? सांगणारो मेलो. त्या दिवशी अध्यक्ष वही घेवक उभो ऱ्हवलो, तेव्हा तेचा तोंड बघितलंस? पन्नास वर्सा तो असोच उभो हा. आमच्यातलो एक तरी सुटूक होयो. टाइप कर."

"आणि तुमची आई?"

"टाइप कर गो."

मी टाइप केलं. एक मूळ प्रत, दोन कार्बन.

स्मरणिका निघाली. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतः तिला त्या चार ओळी वाचून दाखवल्या. त्यानंतर ती त्यांच्याशी बोलली नाही. हे मला त्यांनीच सांगितलं, गेजवर नजर ठेवून. "वाढता माका. बोलना नाय." थंडी सरता सरता ती गेली. मी मयताला गेले होते. अध्यक्ष सगळ्यांच्या आधी पोचलेला होता, बांबू-दोऱ्या त्यानेच आणल्या होत्या, खांदाही दिला. काका त्याला म्हणाले, तू दमलंस, घरी जा. एवढंच. वर्षभराने मला दुसरीकडे नोकरी लागली, आणि नंतर कधीतरी कळलं की तो कारखानाही बंद झाला. काका कुठे गेले हे मी शोधलं नाही. कुठल्या तोंडाने भेटायचं?

दीड वर्ष मी टाइप केलेली ती सगळी पानं, लोखंडी टोपली, पेंढ्यातलं भिंग, सोळा माणसं, ती कुणी छापली नाहीत. त्यांचं त्यांनी काय केलं मला माहीत नाही. किल्ल्यातल्या त्या बत्तीबद्दल छापून आलेलं असं जगात बहुधा एकच आहे, आणि ते त्या स्मरणिकेत आहे, पापडांच्या जाहिरातीखाली. त्यात लिहिलंय की बत्ती विझलेली होती. ते खरं की खोटं हे कुणालाच माहीत नाही, हे मला टाइप करताना माहीत होतं. अक्षरं मात्र सगळी बरोबर आहेत. मी दोनदा तपासून दिली होती.